घरचं इंटरनेट हळू चालतंय? आधी वायरने मोजा, मग तक्रार करा

प्लॅन 100 चा घेतलाय आणि मोबाईलवर स्पीड टेस्ट केली की 18 दिसतात. तक्रार केली तर कंपनीचा माणूस येतो, राउटर बंद-चालू करतो, राउटरला खेटून उभा राहतो, स्वतःच्या फोनवर 95 दाखवतो आणि निघून जातो. तो गेला की आतल्या खोलीत पुन्हा 18. मग कस्टमर केअरवरून सल्ला मिळतो की सर, 200 चा प्लॅन घ्या.

यातून मी स्वतःच्या घरासाठी गेलो आहे आणि नंतर आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच घरांसाठीही. सगळीकडे एकच गोष्ट दिसली. दुखणं नक्की कुठे आहे हे न बघताच पैसे खर्च होतात. अडचण वाय-फायमध्ये असताना मोठा प्लॅन घेणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. उलटही होतं. लाईन खराब असताना लोक तीन-चार हजारांचा नवा राउटर आणतात आणि स्पीड तिथेच राहतो.

इंटरनेट हळू होण्याच्या जागा चारच. बाहेरून घरापर्यंत येणारी लाईन, घरातला बॉक्स आणि राउटर, राउटरपासून तुमच्यापर्यंतचं वाय-फाय, आणि तुमचा फोन-लॅपटॉप किंवा तुम्ही उघडताय ती साईट. यातली कुठली हे शोधायचा क्रम खाली दिला आहे. तो घरात फायबर आहे असं धरून लिहिलाय, कारण शहरांत आणि आता तालुक्याच्या गावांतही बहुतेकांकडे तेच असतं.

सुरू करण्याआधी हे जवळ ठेवा

- शेवटचं बिल किंवा ॲपमधल्या प्लॅनचा स्क्रीनशॉट
- युजर आयडी किंवा कस्टमर आयडी, आणि कनेक्शन ज्या मोबाईल नंबरवर आहे तो फोन
- लॅनचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटची वायर खोचायची जागा असलेला लॅपटॉप. नव्या पातळ लॅपटॉपना पोर्ट नसतो, मग यूएसबी ते लॅन अडॅप्टर लागेल. घेताना त्यावर 'गिगाबिट' लिहिलंय ना, ते बघा
- एक चांगली लॅन वायर, कॅट 5ई किंवा कॅट 6. वायरवरच बारीक अक्षरात छापलेलं असतं
- राउटरच्या खालच्या स्टिकरचा फोटो. लॉगिनचा पत्ता, पासवर्ड आणि सिरीयल नंबर त्यावर असतो
- वही-पेन. आकडे लक्षात राहत नाहीत आणि पुढे तक्रारीत तेच कामी येतात

1. प्लॅनमध्ये नक्की काय लिहिलंय ते वाचा

पहिला गोंधळ एककाचा. कंपनी स्पीड सांगते मेगाबिटमध्ये, म्हणजे एमबीपीएसमध्ये. फाईल डाउनलोड होताना कॉम्प्युटर बहुतेक वेळा दाखवतो मेगाबाईट. 8 बिटांचा एक बाईट, म्हणून 100 एमबीपीएसच्या लाईनवर डाउनलोडचा आकडा जास्तीत जास्त सेकंदाला 12.5 मेगाबाईट दिसणार. त्या हिशेबाने दीड जीबीची फाईल साधारण दोन मिनिटांत उतरली, तर तुमची लाईन ठणठणीत आहे. 'शंभरचे पैसे घेतात आणि बाराच देतात' म्हणून भांडायला निघालेल्या दोन शेजाऱ्यांना मी इथेच थांबवलंय.

दुसरी गोष्ट एफयूपी, म्हणजे पूर्ण स्पीडने वापरता येणाऱ्या डेटाची मर्यादा. 'अनलिमिटेड' लिहिलेल्या प्लॅनलाही बहुतेक वेळा महिन्याची मर्यादा असते. बऱ्याच कंपन्यांच्या प्लॅनमध्ये ती 3300 जीबी आहे, पण लोकल ऑपरेटरच्या स्वस्त प्लॅनमध्ये ती बरीच कमी असू शकते. मर्यादा संपली की स्पीड खाली आणतात. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच नेट रडत असेल आणि एक तारखेला किंवा रिचार्ज झाल्यावर आपोआप सुधारत असेल, तर पुढचं काही तपासू नका. ॲपमध्ये किती डेटा वापरला ते बघा, उत्तर तिथेच आहे.

तिसरं, अपलोडचा स्पीड वेगळा लिहिलाय का ते बघा. फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये दोन्ही सारखे असतात, सगळ्यांत नाही. ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर तुमचा आवाज तुटत असेल, तर डाउनलोडपेक्षा अपलोडचाच आकडा महत्त्वाचा.

2. वायरने मोजा

सगळ्या लेखातली ही एकच पायरी केलीत तरी चालेल, पण ही टाळू नका. वाय-फायवर केलेली टेस्ट लाईन आणि वाय-फाय दोन्ही एकत्र मोजते, त्यामुळे दोष कोणाचा हे त्यातून कधीच कळत नाही. कंपनीही तेवढंच बोट धरून 'तुमच्या वाय-फायचा प्रॉब्लेम आहे' म्हणून तक्रार बंद करते.

अशी करा:

- घरातल्या बाकीच्यांना पाच मिनिटं वाय-फाय बंद ठेवायला सांगा. टीव्हीचंही.
- लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, व्हीपीएन बंद करा, चालू असलेले अपडेट आणि डाउनलोड थांबवा.
- लॅन वायरचं एक टोक राउटरच्या 'लॅन' लिहिलेल्या पोर्टमध्ये आणि दुसरं लॅपटॉपमध्ये लावा. वेगळ्या रंगाचा 'वॅन' पोर्ट असेल तर त्याला हात लावू नका, तिथे बाहेरून येणारी लाईन असते.
- ऊक्लाची स्पीडटेस्ट चालवा. मग फास्ट डॉट कॉमवर पुन्हा एकदा.
- डाउनलोड, अपलोड, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ), तारीख, वेळ वहीत लिहा आणि स्क्रीनशॉट घ्या.

दोन वेगळ्या टेस्ट का, ते सांगतो. ऊक्लाची साईट आपोआप जवळचा सर्व्हर निवडते आणि बऱ्याचदा तो तुमच्याच कंपनीच्या नेटवर्कमध्ये असतो. म्हणजे घरापासून कंपनीपर्यंतचा रस्ता मोजला जातो, त्यापुढचा नाही. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सची आहे आणि ती नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजते. ऊक्लामध्येही सर्व्हर हाताने बदलता येतो. मुंबईतला एखादा दुसऱ्या कंपनीचा निवडून बघा. एकावर 98 आणि दुसऱ्यावर 30 येत असतील, तर अडचण कंपनीच्या पुढच्या रस्त्यावर आहे आणि हे तक्रारीत लिहिण्यासारखं आहे.

ही टेस्ट सकाळी लवकर, दुपारी, आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास, असं तीन-चार दिवस करा. रात्रीचा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण सगळी बिल्डिंग तेव्हाच घरात असते.

सापळा: 94 चा आकडा. प्लॅन 200 चा आहे आणि वायरवर कितीही वेळा मोजलं तरी 93 ते 95 च येतंय? मग कुठेतरी 100 च्या पोर्टने तुम्हाला अडवलंय. कंपनीने दिलेल्या जुन्या किंवा स्वस्त राउटरचे पोर्ट 'फास्ट इथरनेट'चे असतात, त्यातून 100 च्या वर जाताच येत नाही. किंवा लॅन वायर खराब आहे. त्या वायरमध्ये आठ तारा असतात. 100 ला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एक जरी तार पिनमध्ये नीट बसली नसेल तर बहुतेक वेळा जोडणी गुपचूप 100 वर येते आणि बाकी सगळं ठीक दिसतं. विंडोजमध्ये सेटिंग्जमधून इथरनेट उघडलं की 'लिंक स्पीड' दिसतो. तिथे 1000 असायला हवेत. 100 दिसले तर आधी वायर बदला, मग राउटरचा पोर्ट आणि लॅपटॉपचा पोर्ट तपासा.

आता निकाल. वायरवर रात्रीसुद्धा प्लॅनच्या जवळपास, म्हणजे 100 ला 90 च्या पुढे मिळत असेल, तर लाईन चांगली आहे. तिसरी पायरी सोडा आणि चौथीवर जा. वायरवरच कमी येत असेल, तर वाय-फायच्या मागे लागू नका, तिसरी वाचा.

3. लाईन आणि बॉक्स तपासा

फायबरची बारीक वायर ज्या बॉक्समध्ये शिरते त्याला कोणी ओएनटी म्हणतं, कोणी ओएनयू, कोणी नुसतं मॉडेम. त्यावरचे दिवे बघा. 'पॉन' हिरवा आणि स्थिर असायला हवा. 'लॉस'चा दिवा लाल झाला म्हणजे बॉक्सपर्यंत प्रकाशच पोचत नाही, फायबर तुटली किंवा सुटली आहे. तेव्हा सरळ फोन करा, 'रेड लाईट लागली आहे' असं सांगा. लाईनमनला एवढं एक वाक्य पुरतं.

त्रास होतो तो दिवे हिरवे असूनही नेट अडखळतं तेव्हा. आधी फायबर डोळ्यांनी बघा. टीव्हीच्या शोकेसमागे, दरवाजाच्या फटीत, सोफ्याच्या पायाखाली. आमच्या वरच्या मजल्यावर एका घरी सुतारकामानंतर नेट तुटायला लागलं. शोकेस भिंतीला टेकवताना मागची पिवळी पॅच कॉर्ड, म्हणजे बॉक्सला लावलेली फायबरची छोटी वायर, चेपली गेली होती आणि हिरव्या पिनच्या अगदी मुळाशी काटकोनात वळली होती. शोकेस चार बोटं पुढे ओढलं, वायर मोकळी केली, काम झालं. काचेच्या धाग्याला तीव्र वळण चालत नाही, वळणातून प्रकाश बाहेर निसटतो. जास्तीची वायर गुंडाळायची असेल तर तळहाताएवढं मोकळं वेटोळं करा. तार बांधतात तशी घट्ट गाठ मारू नका, खिळ्याला अडकवू नका. आणि हिरवी पिन काढून आत डोकावू नका. त्यातला प्रकाश इन्फ्रारेड असतो, दिसत नाही पण डोळ्यांसाठी चांगला नाही. शिवाय पिनच्या टोकाला बोट लागलं तरी तेलकटपणाने सिग्नल पडतो.

पुढचं काम थोडं आतलं आहे, पण कोणालाही जमेल. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1, नक्की पत्ता स्टिकरवर असतो. आत गेल्यावर 'पॉन' किंवा 'ऑप्टिकल इन्फो' नावाच्या पानावर 'आरएक्स पॉवर' शोधा, म्हणजे बॉक्सपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद. तो आकडा उणे डीबीएममध्ये (ताकद मोजायचं एकक) असतो. उणे 15 ते उणे 25 च्या दरम्यान असेल तर निश्चिंत राहा. उणे 27 च्या खाली गेला म्हणजे बॉक्स कसाबसा तग धरून आहे. हा आकडा 3 ने घसरला की पोचणारा प्रकाश निम्मा झालेला असतो, त्यामुळे उणे 21 वरून उणे 27 म्हणजे चौथाईच उरला. प्रकाश कमी झाला म्हणून स्पीड त्या प्रमाणात कमी होत नाही. एका हद्दीपर्यंत काहीच जाणवत नाही आणि त्यानंतर चुका वाढतात, नेट तुटतं, परत लागतं.

पावसाळ्यात हे फार होतं. खांबावरच्या किंवा गच्चीवरच्या जॉईंटच्या डबीत पाणी शिरतं, वाऱ्याने वायर ताणली जाते. म्हणून सगळं सुरळीत असताना एकदा आरएक्स पॉवर लिहून ठेवा. जूनमध्ये उणे 20 होता आणि ऑगस्टमध्ये उणे 28 झाला, हे सांगितलंत की 'राउटर रिस्टार्ट करून बघा' हे पालुपद तिथेच संपतं. जॉईंट दुरुस्त करायला माणूस आला तर स्प्लायसिंग मशीनने, म्हणजे दोन धागे वितळवून जोडणाऱ्या यंत्राने, करून मागा. हाताने बसवलेला फास्ट कनेक्टर लवकर होतो, पण कालांतराने सैल पडू शकतो.

आरएक्स पॉवर चांगला, सकाळी वायरवर 95, आणि रात्री नऊला 25? मग तुमच्या घरात काहीच बिघडलेलं नाही. फायबरच्या एका मुख्य धाग्यावर, जीपॉन या घरोघरी फायबर वाटण्याच्या पद्धतीत, साधारण 2.5 गिगाबिट असतात आणि ते 32 किंवा 64 घरांत वाटले जातात. सगळी घरं एकाच क्षणी पूर्ण जोराने ओढत नाहीत, म्हणून एवढ्याने सहसा भागतं. कोंडी बहुधा त्याच्या पुढे होते. ऑपरेटरने वरून जेवढी बँडविड्थ घेतली आहे, तिच्यापेक्षा जास्त गिऱ्हाईक जोडलेलं असतं. यावर घरात बसून इलाज नाही. सातव्या पायरीवर जा.

सापळा: रिसेटचं भोक. राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करणं म्हणजे रिस्टार्ट, ते बिनधास्त करा. मागच्या बारीक भोकात टाचणी दाबून धरणं म्हणजे रिसेट. त्याने कंपनीने भरलेला युजरनेम, पासवर्ड आणि बाकीच्या सेटिंग पुसल्या जाऊ शकतात. मग हळू का होईना चालणारं नेट पूर्ण बंद पडतं आणि माणूस येईपर्यंत तसंच राहतं. फोनवर कोणी 'रिसेट करा' म्हणालं तर आधी विचारा की सगळं परत कोण भरून देणार, आणि केव्हा.

4. वाय-फाय सुधारा

बहुतेक घरांचं दुखणं इथे असतं, आणि अर्धी सुधारणा फुकटात होते.

*जागा.* कनेक्शन जोडणारा माणूस वायर कमी लागेल तिथे राउटर ठेवतो. म्हणजे दाराजवळ, टीव्हीच्या मागे, जमिनीलगत. राउटर घराच्या मधोमध, छातीच्या उंचीवर किंवा त्याहून वर, आणि उघड्यावर असायला हवा. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, माशांची टाकी यांच्या आड नको. धातूच्या आरपार ही लहर जात नाही आणि पाणी तिला शोषून घेतं. काँक्रीटच्या भिंतीत सळ्या असतात. कोकणातल्या जांभ्याच्या आणि जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती एवढ्या जाड असतात की दोन भिंतींपलीकडे फारसं काही पोचत नाही, तिथे राउटर कितीही महागडा आणलात तरी. फायबर हलवायला माणूस बोलवावा लागत असेल तर बोलवा. शंभर-दोनशे रुपये जातील, पण नव्या राउटरपेक्षा उपयोग जास्त.

*बँड.* राउटर दोन बँडवर चालतो, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ. 2.4 भिंतींतून लांब जातो, पण हळू आहे आणि गर्दीचा आहे. मायक्रोवेव्ह, ब्लूटूथ, शेजाऱ्यांचे सगळे राउटर त्याच पट्ट्यात. साध्या फोनची 2.4 वरची जोडणी नेहमीच्या 20 मेगाहर्ट्झ रुंदीवर वाय-फाय 4 ने 72 एमबीपीएसला होते, आणि प्रत्यक्षात हाताला 40-50 लागतात. म्हणजे प्लॅन 300 चा केलात तरी त्या बँडवर फोनमध्ये फारसा फरक पडणार नाही. तोच फोन त्याच खोलीत 5 वर सहज दोन-तीनशे घेईल. राउटरच्या नावापुढे '5जी' दिसतं ते याच बँडचं, मोबाईलच्या 5जी शी त्याचा संबंध नाही. फोन, लॅपटॉप, टीव्ही 5 वर ठेवा. स्मार्ट प्लग, दाराची बेल, जुने कॅमेरे 2.4 वर राहू द्या, त्यातल्या बहुतेकांना दुसरा बँड येतच नाही. राउटरला 5 चा बँडच नसेल, म्हणजे तो सिंगल बँड असेल, तर बदलण्यासारखी पहिली गोष्ट तीच. कंपनीकडे ड्युअल बँड बॉक्स मागून बघा, काही जण अनामत घेऊन देतात.

*चॅनल.* सोसायटीत वाय-फायची यादी उघडली की वीस-पंचवीस नावं दिसतात. 2.4 वर एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनल तीनच, 1, 6 आणि 11. फोनवर वाय-फाय ॲनलायझरचं ॲप टाका, तिघांत कुठे गर्दी कमी ते बघा आणि राउटरमध्ये ते चॅनल हाताने लावा. रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवा. 40 केलीत तर आकडा मोठा दिसतो, पण तुम्ही शेजाऱ्यांच्या आणि शेजारी तुमच्या मध्ये येतात. 5 वर मात्र 80 ठेवायला हरकत नाही.

*सुरक्षेची सेटिंग.* याकडे कोणी बघत नाही. राउटरमध्ये 'टीकेआयपी' निवडलेलं असेल तर वाय-फाय जुन्या पद्धतीवर अडकतं आणि जोडणी 54 एमबीपीएसच्या वर जात नाही. 'डब्ल्यूपीए2' आणि 'एईएस' निवडा, नवी उपकरणं असतील तर 'डब्ल्यूपीए3'. जमलं तर पासवर्डही बदला. इस्त्रीवाल्यापासून पेइंग गेस्टपर्यंत तो कोणाकोणाला दिलाय हे आपल्याच लक्षात नसतं. जोडलेल्या उपकरणांची यादी राउटरच्या पानावर दिसते.

*दूरच्या खोलीचं काय?* दुकानदार आठशे-हजारांचा 'बूस्टर' दाखवेल. तो रिपीटर असतो. एकाच बँडवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा होतो. शिवाय लोक तो जिथे सिग्नल येत नाही तिथेच लावतात, आणि जे पोचतच नाही ते तो पुढे काय पाठवणार? माझं मत स्पष्ट आहे. जमेल तिथे लॅन वायर टाका आणि टोकाला दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वाय-फाय देण्यासाठी, लावा. घराचं काम निघालं असेल तर इलेक्ट्रिशियनला सांगून प्रत्येक खोलीत एक कॅट 6 ओढून घ्या, विजेच्या वायरपेक्षा वेगळ्या पाइपातून. वायर शक्यच नसेल तर मेश घ्या, म्हणजे एकमेकांशी जोडून एकच वाय-फाय देणाऱ्या राउटरांचा संच. ट्राय-बँड, म्हणजे तीन बँडचा, परवडत असेल तर उत्तम.

आणि टीव्ही राउटरच्या जवळ असेल तर त्याला वायरच लावा. स्मार्ट टीव्हीचा लॅन पोर्ट बहुधा 100 चाच असतो, पण 4के ला नेटफ्लिक्स 15 एमबीपीएस सुचवतं, त्यामुळे तो भरपूर झाला. घरातलं सगळ्यांत खादाड उपकरण वाय-फायवरून उतरलं की बाकीच्यांना श्वास घ्यायला जागा मिळते.

5. अपलोड कोण खातंय ते बघा

स्पीड टेस्ट चांगली येते, तरी मीटिंगमध्ये चेहरे गोठतात. अशा वेळी अपलोड भरलंय का ते तपासा. फोन चार्जिंगला लावला की फोटोंचा बॅकअप सुरू होतो, कॉम्प्युटरवर क्लाउडचं सिंक चालू असतं, आणि क्लाउडवर रेकॉर्ड करणारा एकेक कॅमेरा दिवसभर 1 ते 2 एमबीपीएस वर पाठवत राहतो. अपलोड तुडुंब भरलं की राउटरमध्ये रांग लागते, 10 मिलिसेकंदांचा पिंग काही शेंवर जातो आणि बोलणं तुटतं. लग्नाचे फोटो काढून आलात की दुसऱ्या दिवशी कॉल का अडकतात, त्याचं उत्तर हेच. बॅकअप रात्रीवर टाका. राउटरमध्ये 'क्यूओएस' (कोणाला आधी नेट द्यायचं ते ठरवणारी सेटिंग) असेल तर ऑफिसच्या लॅपटॉपला प्राधान्य द्या.

6. एकच साईट हळू असेल तर

बाकी सगळं धावतंय आणि एखादीच साईट किंवा ऑफिसचा व्हीपीएन रडतोय, तर घरात शोधू नका. मोबाईल डेटावर तीच साईट उघडून बघा. तिथेही हळू असेल तर दोष साईटचा. परदेशातले सर्व्हर समुद्राखालच्या केबलवर अवलंबून असतात. जानेवारी 2008 मध्ये इजिप्तजवळ केबल तुटल्या तेव्हा आणि सप्टेंबर 2025 मध्ये लाल समुद्रात तुटल्या तेव्हा भारतातल्या लोकांनाही त्याचा फटका बसला. अशा दिवशी राउटर बदलून काही होत नाही.

पानं उघडायला सुरुवातीलाच वेळ लागत असेल, पण एकदा उघडली की भराभर चालत असतील, तर डीएनएस, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, बदलून बघा. राउटरमध्ये 1.1.1.1 किंवा 8.8.8.8 टाका. याने डाउनलोडचा स्पीड वाढत नाही. तसं सांगणारे व्हिडिओ सोडून द्या.

7. तक्रार अशी करा की ती बंद करता येणार नाही

'नेट स्लो आहे' एवढं लिहिलेली तक्रार एका फोनवर बंद होते. आकडे लिहा. उदाहरणार्थ:

'माझा प्लॅन 100 एमबीपीएसचा आहे. गेले चार दिवस रात्री 9 ते 10 या वेळेत लॅन वायरने मोजल्यावर 22 ते 30 एमबीपीएस मिळतात. सकाळी 7 वाजता त्याच वायरवर 94 मिळतात. मोजताना वाय-फाय आणि इतर सर्व उपकरणे बंद होती. आरएक्स पॉवर उणे 21 आहे. एफयूपी संपलेली नाही. स्क्रीनशॉट जोडले आहेत. कृपया लाईनवरील गर्दी तपासून कायमस्वरूपी दुरुस्ती करावी.'

ॲप किंवा ईमेलवरून पाठवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घ्या. त्या नंबरशिवाय पुढचं काहीही होत नाही. लोकल केबलवाल्याला व्हॉट्सॲपवर कळवलं तरी ज्या कंपनीच्या नावाने बिल येतं तिच्याकडेही नोंदवा. माणूस घरी आला तर त्याला तुमच्याच लॅपटॉपवर, वायरने, तुमच्यासमोर मोजायला सांगा. तो दुपारी येणार आणि दुपारी सगळं छान असणार, म्हणून रात्रीचे स्क्रीनशॉट तयार ठेवा. समाधान झाल्याशिवाय ओटीपी देऊ नका. बऱ्याच कंपन्यांत तो दिला की तक्रार निकाली निघाली असं धरतात.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर कंपनीच्याच अपिलेट अथॉरिटीकडे, म्हणजे अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या 2012 च्या तक्रार निवारण नियमांनुसार ही दुसरी पायरी ठेवणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. अपील 30 दिवसांत करायचं, त्याला पैसे लागत नाहीत, आणि निर्णय 39 दिवसांत द्यायचा असतो. पत्ता कंपनीच्या साईटवर तळाशी कुठेतरी असतो. नेटाने शोधा. बऱ्याचदा अपील दाखल झालं की वरच्या कार्यालयातून फोन येतो.

ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे पहिला अर्ज तिथे करून वेळ घालवू नका. दूरसंचार विभागाकडे सार्वजनिक तक्रार पोर्टलवरून जाता येतं, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर 1915 आहे. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगाकडे नेता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. एक लक्षात ठेवा, सरकारी व्याख्येत ब्रॉडबँडचा किमान स्पीड जानेवारी 2023 पासून फक्त 2 एमबीपीएस आहे. म्हणून तक्रारीत सरकारी किमानाचा आधार घेऊ नका. प्लॅनमध्ये कंपनीने जे लिहून दिलंय त्यावर बोट ठेवा.

8. कंपनी बदलायची वेळ आली तर

आधी त्याच मजल्यावरच्या किंवा त्याच विंगमधल्या माणसाला विचारा की त्याच्याकडे कोणाचं कनेक्शन आहे आणि रात्री कसं चालतं. त्याच कंपनीचं नेट पुढच्या चौकात उत्तम आणि तुमच्या गल्लीत टुकार असू शकतं, कारण केबल टाकणारा लोकल ऑपरेटर वेगळा असतो. जमलं तर शेजाऱ्याच्या घरी रात्री नऊला वायरने मोजूनच बघा.

नवीन कनेक्शन आधी लावून घ्या, जुनं नंतर बंद करा. मोबाईलसारखं इथे पोर्टिंग नाही, आणि मधले चार दिवस ऑफिस थांबत नाही. पहिल्यांदा एकाच महिन्याचे पैसे भरा. वर्षाचे एकदम भरले की बऱ्याचदा जादा महिने फुकट मिळतात, पण स्पीड पडला तर पैसे परत मिळवताना नाकी नऊ येतात. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या पायरीतली मोजणी करा, आरएक्स पॉवर लिहून घ्या. मग वाटलं तर सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा प्लॅन घ्या.

जुनं बंद करताना विनंती ईमेलने करा. राउटर आणि अडॅप्टर परत दिल्याची सही असलेली पावती घ्या, सिरीयल नंबरासकट. अनामत भरली होती तर ती कधी आणि कुठल्या खात्यात येणार हे त्याच ईमेलवर लिहून मागा, आणि बँकेतून बिल आपोआप कापलं जात असेल तर ती परवानगीही त्याच दिवशी रद्द करा.